तसेच राहिलेले ताट

शाळेत मुलाला लागले, तर ते त्याच्या रडण्यावरून ओळखता येते का, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते.

परभणीजवळ, पेडगावच्या बाजूच्या एका गावात, सातवीपर्यंतच्या शाळेत मी शिकवते. पहिलीतली मुले नखाएवढ्या ओरखड्यासाठी सगळे मैदान ओलांडून माझ्याकडे येतात आणि उरलेली दुपार पट्टी दाखवत फिरतात. सहावी-सातवीतले मूल मलमाच्या डब्याकडे क्वचितच येते. मोठी मुले जपून खेळतात, असे आम्ही शिक्षक त्यावर म्हणत असू.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी पहिलीतल्या एका मुलाचा व्हरांड्याच्या कठड्यावरून तोल गेला. त्याच्याच गल्लीतली सातवीतली मुलगी त्याला रोज हाताला धरून शाळेत आणत असे. तिने धावत येऊन त्याला झेलले आणि दोघेही फरशीवर आदळले. मुलाचा गुडघा सोलला. त्याने टाहो फोडला. मी त्याच्याजवळ बसले. मुलीलाही लागले का विचारले, पण तिने मान हलवून नाही म्हटले.

खिचडी वाढून झाली. इतरांची ताटे रिकामी होत आली, तरी तिचे तसेच होते. उजवा हात ओढणीखाली होता. डाव्या हाताने आमच्याकडे कोणी जेवत नाही, म्हणून ती उपाशीच बसली होती. मी ओढणी बाजूला केली. मनगट चांगलेच सुजले होते.

"मॅडम, घरी नका सांगू," ती हळूच म्हणाली. "मला आठवीला पेडगावला घालावं का न्हाई, ह्ये बाबांचं अजून ठरंना. आता म्हणतील, गावातल्या साळंत हात मोडला, तिकडं काय व्हईल? बस घरी."

सांगणे भागच होते. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतले आणि आम्ही तिला परभणीच्या दवाखान्यात नेले. हाड मोडले होते. प्लास्टर होईपर्यंत, तिने हात का लपवला ते मी वडिलांना सांगितले.

परतलो तेव्हा त्या मुलाची आई त्याला घेऊन मुलीच्या घराच्या दारात उभी होती. "दादा, ही नसती तर माझ्या लेकराचं डोकं फुटलं असतं," ती वडिलांना म्हणाली. लेकराचे लक्ष प्लास्टरकडे होते. त्यालाही तसला पांढरा हात हवा होता.

वडिलांनी मुलीला एवढेच विचारले, की दुपारपासून उपाशी आहेस का. मग माझ्याकडे वळले.

"जाऊ द्या तिला पेडगावला. पण तिथल्या मॅडमला सांगून ठिवा, ही लागलेलं लपविती."

जूनमध्ये मी तो निरोप तिच्या नव्या वर्गशिक्षिकेला दिला.

तेव्हापासून खिचडी वाढली, की मी मोठ्या मुलांच्या रांगेतून एक फेरी मारते. लहानांचे दुखणे ऐकू येते. मोठ्यांचे पाहावे लागते, असे मला वाटते. परंतु एका मुलीवरून नियम सिद्ध होत नाही. आपल्या घरी, आपल्या शाळेत हे खरे ठरते का, ते कृपया स्वतः तपासून पाहा.