खाडीकडच्या भिंतीबद्दल

'तोफ नाही.' आमच्या कोटाच्या अभिप्राय-वहीतला पहिला अभिप्राय एवढाच. खाली सही, तीही न लागणारी. वही माझ्या टेबलावर उघडी असायची आणि दोरीला बांधलेलं पेन तिच्यावर आडवं पडलेलं. दोरी कशाला, तर पेन चोरीला जाऊ नये म्हणून. तरी तीन पेनं गेलीच, दोऱ्या तेवढ्या राहिल्या.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामतघरच्या आमच्या चाळीपासून पायी अर्ध्या तासावर, खाडीला लागून एक जुना कोट होता. कोट म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. चार बुरूज, एक दरवाजा, आत कोरडा हौद, आणि सगळीकडे शेळ्यांचं राज्य. सरकारला एकाएकी त्याची आठवण झाली. दोन वर्षं डागडुजी चालली, झाडंझुडपं काढली, खाडीकडची ढासळलेली भिंत पुन्हा उभी केली, दारात एक पाटी ठोकली आणि माणशी चार आणे तिकीट ठेवलं. तिकिटं फाडायला आणि वही सांभाळायला मला नेमलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, मॅट्रिक पास, अक्षर वळणदार, आणि लग्न जमत नाही म्हणून आईच्या डोळ्यांत खुपणारी. जगात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही, याबद्दल मात्र माझ्या मनात जराही शंका नव्हती.

आमच्या भिवंडीत कापडाच्या लूमला सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी कोट माणसांनी भरायचा. चार आण्यांत काय मिळालं नि काय नाही, यावर लोकांची तोंडं जी सुटायची! उत्तरेकडचे कारागीर लिहायचे, 'किला अच्छा है, मगर बैठने का इंतजाम नहीं.' तोफेवाचून लोकांचं फारच अडायचं. कोट आहे आणि तोफ नाही म्हणजे लग्न आहे आणि नवरा नाही, असं एकानं तोंडावर सांगितलं. जसं काही मीच ती तोफ घरी नेऊन ठेवली होती. एक गुरुजी आत जायच्या आधीच वहीत दोन पानं देदीप्यमान इतिहास लिहून मोकळे झाले आणि मग ऊन फार आहे म्हणून दारातूनच परत गेले. दापोड्याचा एक गवताचा व्यापारी चारी कोपरे पावलांनी मोजून आला आणि त्यानं लिहिलं, 'आत पाच ट्रक गवत सहज मावेल. सरकारने विचार करावा.' एका बाईनं लिहिलं, 'चार आण्यात नुसत्या भिंती.' आणि बाकी सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, हवा चांगली आहे असं लिहिलं. जणू हवासुद्धा दुरुस्ती खात्यानंच बसवली होती.

ज्यांना लिहिता येत नसे ते मला सांगत आणि मी लिहून घेई. इथंच माझ्या हाताला वाईट खोड लागली. कुणी म्हणालं 'बरा हाय' की मी लिहायची 'अत्यंत प्रेक्षणीय'. कुणी नुसतंच डोकं खाजवलं तर 'मन भारावून गेले'. खात्याचे साहेब महिन्यातून एकदा येऊन वही चाळत आणि लोकांना जाण आहे हो, असं म्हणत. त्यांचा नियम एकच होता: ज्यानं तिकीट काढलं त्यालाच अभिप्राय देता येईल. शेळ्यांचा मालक एकदा तावातावानं आला होता, माझ्या शेळ्यांनी आता जायचं कुठं असं लिही म्हणाला. मी विचारलं, तिकीट आहे का? नव्हतं. मग नियम म्हणजे नियम, असं त्याला ठणकावून घालवून दिलं. आत बसलेला वळ गावचा म्हातारा गवंडी ते ऐकत होता आणि मिशीत हसत होता.

हा गवंडी दर शनिवारी सकाळी भिवंडीच्या बाजाराला जाताना वाट वाकडी करून यायचा. चुन्यानं फाटलेले हात, खांद्यावर पिशवी, पिशवीत बाजाराला जातानाही थापी आणि ओळंबा. खाडीकडची ती पडलेली भिंत त्यानंच उभी केली होती. उंबऱ्यावर टेकायचा, पाणी मागून प्यायचा आणि विचारायचा, "भितीबद्दल कुनी काय लिवलंय का गो बाय?"

मी त्याला आठवड्याचे अभिप्राय वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा. गवताच्या व्यापाऱ्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सगळं संपलं की पुन्हा विचारायचा, म्हणजे भिंतीचं काही नाही ना? मी म्हणायची, नाही हो बाबा. तो म्हणायचा, "बरं." आणि उठून चालायला लागायचा.

त्या 'बरं'नं माझ्या काळजाला घरं पडायची. असे दहा-अकरा शनिवार गेले. बिचाऱ्यानं दोन वर्षं उन्हातान्हात भिंत बांधली आणि या मेल्यांना तोफ हवी, बसायला बाकडं हवं, पण भिंतीबद्दल दोन शब्द नकोत! मला लोकांचा इतका राग यायला लागला की परत निघालेल्यांना मी अडवून विचारायची, खाडीकडची भिंत पाहिलीत का? पाहिली की, म्हणायचे, तिथंच तर बसलो होतो, काय हवा येते!

शेवटी एका शुक्रवारी, गर्दी पांगल्यावर, मी पेन उचललं. अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवलं आणि लिहिलं: 'खाडीकडची नवी भिंत फारच सुंदर बांधली आहे. पाहताक्षणी नजरेत भरते. कारागिराचे अभिनंदन.' खाली एक गिचमिड सही ठोकली. इतक्या लोकांचं लिहून दिलं होतं, त्यात आणखी एक. त्या दिवशी घरी जाताना मी इतकी खुशीत होते की आईला वाटलं कुठून स्थळ आलं की काय.

शनिवारी गवंडी आला, पाणी प्यायला, टेकला. मी आधी इकडचे तिकडचे अभिप्राय वाचले आणि मग अगदी सावकाश, शब्दाशब्दावर जोर देत, माझा वाचला. वर पाहिलं तर म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, आनंदानं सुचत नसेल.

"नवी?" तो म्हणाला. "नवी भित, असंच लिवलंय?"

हो, म्हटलं, नवीच लिहिलंय. कोण माणूस होता, त्यानं विचारलं. मला कुठं थांबायचं कळलं असतं तर काय हवं होतं! मी सांगितलं, मुंबईचे कुणी मोठे साहेब होते, चष्मा होता, बांधकामातले असावेत. लांबून पाहिली की जवळून? लांबूनच, मी म्हटलं, दारातूनच म्हणाले की ती बघा नवी भिंत. मला वाटलं, जितकं लांबून दिसेल तितकं कौतुक जास्त. म्हातारा उठला. या वेळी 'बरं' म्हणाला नाही. बाजाराच्या वाटेनं न जाता तो भिंतीकडे गेला आणि दुपार कलली तरी भिंतीसमोर उभाच होता.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर खाडीच्या अंगानं बांबूची परांची बांधलेली आणि तिच्यावर साठी उलटलेला तो माणूस एकटा. खाली ओहोटीचा चिखल. मी विचारलं, बाबा, काय चाललंय? म्हणाला, काम आहे. सोमवारी दिवसभर छिन्नीचा आवाज येत होता. संध्याकाळी मी मागं जाऊन पाहिलं तर त्यानं सांध्यांतला चुना टोकरून काढला होता आणि वरच्या थरातले दोन चिरे उतरवून खाली ठेवले होते. माणूस स्वतःची भिंत स्वतः उतरवत होता!

रात्री जेवताना हे मी घरात सांगितलं. गंमत म्हणूनच सांगितलं, माझ्या खोट्या अभिप्रायासकट. म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, कौतुक केलं तर भिंत पाडायला निघाला. आई हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी हयातभर लूम चालवला, बोलणं तसं कमीच. घास हातात धरून त्यांनी विचारलं, "तागा विणताना धागा तुटला की मी काय करतो?"

जोडता, मी म्हटलं.

"आणि जोडल्यावर?"

ते मला माहीत होतं. लहानपणापासून पाहिलं होतं. जोडल्यावर ते डोळे मिटून कापडावरून बोट फिरवत. गाठ बोटाला लागली की सोडून पुन्हा जोडत. न लागेपर्यंत. वडील ताटात बघून जेवायला लागले. अकरा शनिवार तो माणूस माझ्याकडे येत होता ते कौतुक ऐकायला नव्हेच. कुणाला जोड दिसला नाही ना, एवढं विचारायला येत होता. आणि ते 'बरं' म्हणजे खरोखरच बरं होतं! लूमवाल्याची मुलगी मी, आणि मला हे कळू नये? मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मोरीत भांडी घासत बसले, आईनं न सांगता.

सकाळी वही घेऊन मी थेट परांचीखाली गेले. तो वर होता. मी खालूनच सांगून टाकलं की तो अभिप्राय कुणी साहेबानं नाही, मीच लिहिला. साहेब नव्हता, चष्मा नव्हता, काही नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिला. बोलता बोलता मला रडूच आलं. छिन्नी थांबली. म्हातारा हळूहळू खाली उतरला. मला वाटलं, आता दोन शिव्या हासडेल, आणि मी त्या ऐकणार होते.

"कुनीच न्हाय लिवलं?" त्यानं विचारलं.

कुणीच नाही, मी म्हटलं. आजवर एकानंही नाही.

"मग तुला दिसली, नवी कुठली ती?"

आता खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. मी सांगितलं की मी भिंतीकडे कधी धड पाहिलंच नाही. टेबलाशी बसलं की डोळ्यांपुढं वही, भिंत पाठीमागं. त्यानं मला चिखलाच्या कडेनं लांब नेलं, वळवून उभं केलं आणि म्हणाला, दाखव, परांचीच्या अल्याड-पल्याड माझं काम कुठून कुठवर आहे. मी पुष्कळ वेळ पाहिलं. काळा दगड, पांढुरके सांधे, मधूनमधून शेवाळ. शेवटी डाव्या बुरुजाजवळचा एक तुकडा सफाईदार वाटला, त्याकडे बोट दाखवलं. म्हातारा असा हसला की खाडीतले बगळे उडाले. तो तुकडा कोटाइतकाच जुना होता.

मग त्यानं मला सांगितलं. सरकारनं खाणीतला नवा दगड दिला होता, तो त्यानं परत पाठवला. जुने चिरे ढासळून खाडीतच पडलेले होते. दोन उन्हाळे, रोज ओहोटीला, तो आणि त्याची बायको गुडघाभर चिखलात उतरून एकेक चिरा शोधत होती. कुठल्या चिऱ्याला कुठल्या अंगाला जुना चुना चिकटलाय ते पाहून कुठला कुणाच्या शेजारचा ते ठरवायचं. त्यात बायकोचा एक पाय कायमचा अधू झाला. शनिवारी संध्याकाळी तो घरी गेला की ती दारातच विचारायची, कुणाच्या नजरेला आलं का? गेल्या शनिवारी तिला काय सांगावं ते त्याला कळेना. न जेवताच झोपलो, म्हणाला. मी तिथं चिखलातच मटकन बसले. तो म्हणाला, ऊठ गो बाय, साडी खराब होईल, आणि उतरवलेले चिरे परत चढवायला गेला.

पुढच्या शनिवारी तो आला तो धुतलेला सदरा घालून, आणि बरोबर बायको. काठी टेकत, लंगडत, नऊवारी वर खोचून. त्यानं टेबलावर आठ आणे ठेवले. मी नको म्हटलं, तुमच्याकडून कसले पैसे. तर म्हणतो कसा, "नियम म्हंजे नियम न्हाय काय?"

मी दोन तिकिटं फाडली. दोघं आत गेली. तासभर कोट फिरली, हौदात डोकावली, बुरुजावर चढली, खाडीकडच्या भिंतीपाशी पुष्कळ वेळ उभी राहिली. परत आल्यावर म्हातारा टेबलासमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, आमचा अभिप्राय घे. माझ्या खोट्या अभिप्रायाच्या खालीच मी त्यानं सांगितलं तसं लिहिलं, आणि त्या वेळी एक अक्षरही सुधारलं नाही: 'आमी दोगांनी सगळा कोट फिरून बगितला. नवी भित कुठं गावली न्हाय.'

तिकिटांच्या शिक्क्याच्या पॅडवर दाबून दोघांनी अंगठे उठवले. म्हातारी पानावर वाकून बघत राहिली. मग तिनं वरच्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं, नवी भिंत, सुंदर, पाहताक्षणी नजरेत भरते, सगळं.

"येडा असंल कोनतरी," म्हातारी म्हणाली.

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली. "असंल," तो म्हणाला, आणि बायकोचा हात धरून तिला उंबरा उतरवायला लागला.