गिटारखालचं पितळ

आमच्या समोरच्या खोलीत एक टकल्या भाडेकरू होता. हळदीच्या बँजो पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तारांखालची पत्र्याची पट्टी काढून एकदा त्याने पितळेची बसवली, लाकडाला कान लावला आणि म्हणाला, "आजी, आता ऐका."

आवाज खरंच भरला होता, घुमत होता. मी म्हटलं, "आधी डबा वाजत होता, आता घंटा वाजते."

त्या संध्याकाळी आळीतच हळद होती. ढोलाच्या दणक्यात त्याची घंटा पार बुडाली. पार्टीचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझी गिटार ऐकूच येत नाय. उद्या अशीच आणलीस तर दुसरा बघतो."

सकाळी तो ओट्यावर बसून पुन्हा तो ढोलातूनही कर्कश ऐकू येणारा पत्रा लावत होता.

"आजी, गोड आवाजाला गप्प बसणारी माणसं लागतात. हळदीत गप्प बसतं कोण?"

"नवरदेव," मी म्हटलं.