द्यामांतो मावशीची कायदेशीर भट्टी

आमच्या गावात, म्हणजे अथेन्सपासून बसने चार तासांवर, सरकारी फॉर्म खरा भरण्याचा गाढवपणा आजवर एकाच बाईने केलाय. आमच्या द्यामांतो मावशीने.

एकेचाळीस वर्षं तिची पावाची बेकरी. रविवारी पाव नाही. त्या दिवशी अख्खं गाव चर्चला जाताना आपापला ट्रे तिच्या लाकडावर पेटणाऱ्या भट्टीत ठेवून जायचं. कुणाचं मटण-बटाटे, कुणाची भरली वांगी. प्रार्थना होईपर्यंत मावशी भट्टीपाशी, आणि मग गरमागरम ट्रे घरोघरी. आसपासचे सगळे बेकरीवाले हेच करतात, आणि कागदावर कुणीच करत नाही. मावशीने मात्र परवाना नव्याने काढायच्या फॉर्मवर ‘इतर व्यवसाय’ या रकान्यात सगळं लिहून टाकलं.

“मावशी, कशाला लिहिलंस गं?” मी कपाळावर हात मारला.

“अगं, विचारलं होतं त्यांनी!”

झालं! वाकालिस नावाचे अधिकारी आले. “बाहेरचं अन्न भाजता? मग ही बेकरी नाही, हॉटेल झालं. हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी शौचालय हवं.”

“साहेब, गिऱ्हाईक तेव्हा चर्चमध्ये असतं!”

“चर्च आमच्या खात्यात येत नाही.”

मावशी म्हणाली, मग ती ओळच खोडते. खोडायला वेगळा अर्ज, निकाल आठ महिन्यांनी, तोवर दुकानाला टाळं. सरकारची माया बघा, सगळ्याची सोय केलेली!

दुकान एवढंसं. सरकारमान्य इंजिनियरने तोडगा काढला: भट्टीच्या जागी शौचालय, भट्टी मागच्या अंगणात. नकाशावर शिक्का बसला. मावशीच्या सासऱ्याने बांधलेली भट्टी गवंड्याने दोन दिवसांत फोडली. मला तर बघवेना. पांढऱ्याशुभ्र फरशा बसल्या. मग अंगणात कुदळ मारणार, तोच पुरातत्त्व खात्याचं पत्र: खाली प्राचीन अवशेष असण्याची शक्यता, खोदकाम बंद. आमच्याकडे कांदे लावायला खणलं तरी एखादा देव हाती लागतो, हे त्या शहाण्या इंजिनियरला ठाऊक नव्हतं म्हणे!

महिन्याभराने वाकालिस साहेब परवाना घेऊन हजर. “अभिनंदन मावशी! आता भाजा गावाचे ट्रे. बिनधास्त!”

मावशीने त्यांना कोपराला धरून आत नेलं, शौचालयाचं दार उघडलं. “सांगा, बटाटे कुठे ठेवू?”

साहेबांनी वाकून पाहिलं, नळ सोडून पाहिला. “पाण्याला जोर चांगला आहे,” म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

त्या रविवारी सवयीने निम्मं गाव ट्रे घेऊन तिच्या दारात. मावशीने एकेकीच्या ट्रेवरचं फडकं नीट केलं. “घरी भाजा गं बायांनो,” म्हणाली, आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा रविवारी आमच्याबरोबर चर्चला आली. मागच्या बाकावर बसून हमसून हमसून रडली. पाद्रीबाबा खूश झाले. त्यांना वाटलं, आज प्रवचन चांगलं झालं.