एक धागा कमी

ती केस आठवली की आजही मला आधी माझे जोडे आठवतात.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मी सव्वीस वर्षांची, नागपूरच्या एका विणकर वस्तीतल्या ठाण्यात नवी फौजदार. खांद्यावर दोन तारे, डोक्यात दोनशे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाण्यातर्फे वस्तीतल्या मुलांसाठी क्रीडा मंडळ चालायचं. शिकवणारी मोठी माणसंही वस्तीतलीच, बिनपगारी. त्यांच्या चारित्र्य पडताळणीचं काम ठाणेदारसाहेबांनी माझ्याकडे दिलं. अर्ज घ्यायचा, ओळखीच्या दोघांचे आणि घरच्यांचे जबाब नोंदवायचे, रेकॉर्ड तपासायचं, शेरा मारायचा. मला हे काम अगदीच किरकोळ वाटलं. मला दरोडेखोर हवे होते.

तेवढ्यात एक निनावी पोस्टकार्ड आलं. ‘तळ्यावर पोहणं शिकवतो म्हणते, त्या माणसाले पोरायजवळ जाऊ देऊ नका. त्याच्यापायी एक पोरगं गेलं.’ अक्षर इतकं दाबून काढलेलं की पेनाचं टोक जागोजागी आरपार गेलं होतं.

पोहणं शिकवण्यासाठी अर्ज एकच होता, पन्नाशीला टेकलेल्या एका हातमाग विणकराचा. मी हरखले. मूल गेल्याचं वाचून हरखले होते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गुप्त चौकशीसाठी मी लुगडं नेसले, टोपलीत कोथिंबिरीच्या, म्हणजे तिकडच्या सांभाराच्या, जुड्या घेतल्या आणि त्याच्या गल्लीत शिरले. तिसऱ्या घराच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, “काहून वं बाई, पोलीसवाल्यायनं आता सांभार विकणं सुरू केलं का?”

पायात माझे गणवेशाचे तपकिरी जोडे होते. पॉलिश केलेले.

ठाण्यात परतले, तर आमचे हवालदारकाका वाटच बघत होते. माझं वय होतं तेवढी त्यांची नोकरी झालेली. म्हणाले, “मॅडम, सांभार तरी घरी न्या. सुकून राहिला.”

शेवटी अर्जदारालाच बोलावून घेतलं. समोर बसवलं, कार्डाचं काही न सांगता टेबलावर हात आपटला.

“तुमच्यापायी एक मूल गेलं, हे खरं?”

“हो, बाई.”

इतक्या लवकर कोणी कबूल होईल असं मला वाटलं नव्हतं. पुढचा प्रश्नच तयार नव्हता. “कोणाचं?”

“माह्यंच.”

माझा हात टेबलावर तसाच राहिला. हवालदारकाकांनी न सांगताच जुनं मर्ग रजिस्टर काढून आणलं. अकस्मात मृत्यूंची नोंद त्यात असते. आठ वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा मुलगा, तळ्यात बुडून. कोणावर संशय नाही.

“मी काठावरच उभा होतो,” तो म्हणाला. “मले पोहता येत नव्हतं. नुसता हाका मारत राहिलो. मंग शिकलो, चाळिशी उलटल्यावर. लोक हासले. बाई, वस्तीतल्या एकाही पोराले पोहता येत नाही, अन् सारे तळ्यापाशीच खेळतात. मले नाही म्हणू नका.”

रेकॉर्ड साफ होतं. पण कार्ड कोणाचं, हे कळल्याशिवाय शेरा मारायला हात धजेना. दुसऱ्या दिवशी तो माल पोचवायला गेलेला असताना घरच्यांच्या जबाबासाठी गेले, गणवेशात. त्याच्या बायकोनं चहा दिला, नवऱ्याबद्दल सगळं चांगलंच सांगितलं. मी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

“अंगठा नाही. सही येते मले. प्रौढ वर्गात शिकली.”

तिनं ओठ आवळून एकेक अक्षर काढलं. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. मी कागदाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

“यायले सांगू नका,” ती हळूच म्हणाली. “पोरगं गेलं तवा दोन वर्षं हे मागावर बसले नाही. आता दुसऱ्याच्या पोराले काही झालं, तर हे जगतीन का? तोंडावर म्हटलं असतं तर त्यायले वाटलं असतं, मी बी त्यायलेच दोष देते. म्हणून कार्ड टाकलं.”

त्याच्या ज्या दुष्मनाला मी शोधायला निघाले होते, ती माझ्या कपात आणखी चहा ओतत होती.

“आणि मी त्यांना नाही म्हटलं, तर ते कसे राहतील?”

तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं. मी पिशवीतून दुसरा कोरा अर्ज काढला. “मग तुम्हीही अर्ज करा. पाण्यात मुलांसोबत ते एकटे उतरणार नाहीत. काठावर तुम्ही.” तिचीही रीतसर पडताळणी केली आणि दोघांच्या अर्जांवर तीच अट लिहिली.

हवालदारकाका म्हणाले, “फिर्यादीच आरोपीची साथीदार! अशी केस पयलीच पाह्यली.”

पहिल्या दिवशी मी पाहणीला गेले. ती मागावरच्या लाल सुताचे तुकडे घेऊन बसली होती. पाण्यात जाणाऱ्याच्या मनगटाला एक धागा बांधायचा, बाहेर आलं की सोडून घ्यायचा. “मोजताना पोरं हलतात, धागे हलत नाही,” ती म्हणाली.

तास संपला. वीस धागे दिलेले, परत आले एकोणीस. तिनं पुन्हा मोजले. चेहरा पांढराफटक. नवऱ्यानं काही विचारलं नाही, थेट तळ्यात सूर मारला. मी चहा टाकून धावले, माणसं बोलवायला शिट्टी तोंडाशी नेली.

माझ्याच मनगटावर लाल धागा.

पाहणीच्या नावाखाली मीही गुडघाभर पाण्यात उतरले होते. नियमाप्रमाणे तिनं मलाही बांधला होता. मी तसाच घेऊन चहाला गेले होते.

तिनं तो सोडला नाही, ओढून तोडला. “साहेब ठाण्यात असशील वं! इथं धागा वापस द्यावा लागते!” आणि माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. तो ओलाचिंब वर आला, आम्हा दोघींकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “वीस झाले ना? मंग बस.”

कार्डाबद्दल मी त्याला कधी सांगितलं नाही. तिनं सांगितलं असेल तर मला ठाऊक नाही.

पुढे नोकरीत किती पडताळण्या केल्या, गणती नाही. माणूस चांगला आहे की नाही, ते जबाबांवरून थोडंफार कळतं. पण मुलं ज्याच्या हाती द्यायची, तो कितीही चांगला असला तरी काठावर मोजणारं कोणी आहे ना, हे मी आधी विचारायचे. फौजदारीणबाईलाही त्या मोजणीतून सूट नाही.

त्या उन्हाळ्यात त्यानं मलाही पोहायला शिकवलं. रोज बाहेर आले की मी मनगट आधी पुढे करायचे.