समुद्र शांत असताना

माझ्या नोकरीत मला एक प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो: समुद्र शांत असताना जहाज हळू का चाललं?

ऑफिस नोएडात आहे, काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो आणि पुलापलीकडे आणखी काचेच्या इमारती. समुद्र म्हणाल तर रात्रभर रेल्वेत बसल्याशिवाय भेटत नाही. आमच्या टीममधल्या निम्म्या मुलांनी मोठं जहाज फक्त फोटोत पाहिलंय. तरी कुणाचं जहाज कुठल्या थंड समुद्रातून किती वेगाने जायला हवं, ते आम्ही इथे हीटर लावून, चहा पीत सांगतो.

काम सोपं आहे. रोज दुपारी प्रत्येक जहाजावरून रिपोर्ट येतो: कुठे आहोत, वेग किती, तेल किती जळलं. स्क्रीनवर वेगाची रेघ उमटते. ती सरळ असली की ज्याचा माल आहे तो खूश. रेघ खाली आली की मी कॅप्टनला मेल लिहायचा. वादळ असेल तर माफ, इंजिन बिघडलं तर अर्धं माफ. बाकी कशाला माफी नाही. समुद्र शांत असूनही जहाज हळू गेलं, तर तो कॅप्टनचा गुन्हा.

आमच्याकडे एक कॅप्टन होते, रत्नागिरीकडचे. फोन लागला की आधी मराठीत ख्यालीखुशाली विचारायचे, मग कामाचं. गेल्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, उत्तरेकडच्या थंड पाण्यात, त्यांच्या जहाजाची रेघ एकदम खाली आली. मी नेहमीचा मेल टाकला. उत्तरात त्यांनी एकच शब्द लिहिला होता: व्हेल.

या धंद्यात असं कुणी लिहीत नाही. तिथे मोठे देवमासे दिसले की त्या भागात काही दिवस जहाजांनी वेग कमी ठेवावा, अशी सूचना निघते. काही पट्ट्यांत ती सक्तीची असते, बाकी ठिकाणी नुसती विनंती. विनंतीच्या जागी हळू जाणारे कॅप्टन कमीच, आणि जे जातात ते रिपोर्टमध्ये ‘धुकं’ असं लिहून मोकळे होतात. आम्हाला ते कळतं, आम्हीही कानाडोळा करतो. रत्नागिरीच्या या माणसाने खरं लिहिलं आणि आमच्या सरांच्या डोक्यात तिडीक गेली.

सर म्हणजे आमच्या डेस्कचे प्रमुख. मूळचे दादरचे, अर्धं आयुष्य दिल्लीत गेलेलं. ऑफिसबाहेर आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिला डबा त्यांच्या घरून जातो. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

"सूचना सक्तीची होती का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. ऐच्छिक होती."

"ऐच्छिक! अगं, शाळेत ऐच्छिक विषय कुणी घेतला होता का कधी?" आजूबाजूची मुलं हसली. सरही हसले. मग म्हणाले, "त्यांना सांग, परत असं झालं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट विसरा."

मी फोन लावला. कॅप्टननी निरोप पूर्ण ऐकून घेतला. मग त्यांनी मला सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी, ते नवीन अधिकारी असताना, त्यांचं जहाज अशाच एका थंड बंदरात शिरलं. धक्क्यावरची माणसं हातवारे करत ओरडत होती. जहाजावर कुणाला काही कळेना. खाली उतरून पाहिलं तर जहाजाच्या नाकाडावर एक आख्खा देवमासा आडवा अडकलेला, मेलेला. किती लांबून तो तसा आणला होता, कुणालाच सांगता येईना. जहाजाला साधा हिसकासुद्धा बसला नव्हता.

"आम्ही तेव्हा बहुतेक जेवत असू, मॅडम," ते म्हणाले. "किंवा झोपलेलो असू. एवढा मोठा जीव आपल्या हातून जातो आणि ताटातली आमटीसुद्धा हिंदकळत नाही."

त्यानंतर मी वाचायला लागले आणि वाचता वाचता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या किनाऱ्यावरचे हे देवमासे पोहायला संथ, किनाऱ्यालगत राहणारे आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणारे. म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी त्यांना ‘राइट व्हेल’ म्हटलं असं सांगतात, म्हणजे मारायला योग्य. शिकार थांबली, पण आपण थांबलो नाही. खेकडे आणि शेवंडं पकडायच्या सापळ्यांचे दोर त्यांच्या तोंडाभोवती, शेपटीभोवती आवळतात. तो दोर मांसात रुतत जातो आणि जनावर तो ओढत महिनोन् महिने झिजून मरतं. पाणी तापलं म्हणून त्यांचं खाणं दुसरीकडे सरकलं. खाण्यामागे तेही सरकले आणि जिथे कुणी त्यांची वाट पाहत नव्हतं अशा जहाजांच्या रस्त्यात येऊन पडले. आता इतके थोडे उरलेत, की अभ्यास करणारी माणसं प्रत्येकाला डोक्यावरच्या खुणांवरून ओळखतात. कोण कुणाची आई, कोण कुणाचं पोर, सगळं माहीत आहे त्यांना. आणि आम्हाला काय माहीत असतं? जहाजाने किती तेल जाळलं.

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "यार, किलर व्हेल पण खातातच ना त्यांच्या पिल्लांना? शार्क खातात. निसर्गात हे चालायचंच."

किलर व्हेल खातात, खरंय. पण त्यांना भूक लागलेली असते. कळपाने मागे लागून, दमवून, आईशी झुंजून ते पिल्लू मिळवतात आणि कितीदा हात हलवत परतही जातात. आपण कुणाचं पोर मारलं हे त्यांना नक्की ठाऊक असतं. आमचं जहाज मारतं आणि त्याला पत्ताही नसतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसवणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? मी त्या दिवशी मूग गिळून गप्प बसले, पण राग काही गिळता आला नाही.

संक्रांतीला आमचं मंडळ दरवर्षी पानिपतला जातं, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकापाशी. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून बस सुटते. त्यात केंद्र सरकारातले अधिकारी असतात, नोएडा-गुडगावच्या आयटीतली जोडपी असतात, बायकांच्या नऊवाऱ्या, मुलांचे फेटे, डब्यांत तिळाच्या वड्या. यंदाही गेलो. माझी दहा वर्षांची मुलगी बरोबर होती.

स्मारकापुढे दरवर्षीप्रमाणे सर बोलले. फार चांगलं बोलतात. परक्या मुलखातली थंडी, तुटलेली रसद, उपाशी माणसं, सैन्याबरोबर अडकलेल्या बायका आणि पोरं, आणि घरी वाट पाहणाऱ्यांना कुठलीच खबर नाही. बोलता बोलता त्यांनी रुमालाने डोळे पुसले. शेवटी म्हणाले, "जे निमूटपणे गेले, त्यांची आठवण कुणीतरी ठेवायला हवी." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, त्यांचंही नाही आणि माझंही.

परतताना संध्याकाळ झाली. धुकं नव्हतं. हायवे मोकळा होता, तरी आमचा ड्रायव्हर मध्येच बस अगदी हळू करायचा. मागच्या सीटवरची तरुण मंडळी कंटाळली. "भैया, रोड खाली है, भगाओ ना!" कुणीतरी ओरडलं.

"यहाँ गाँववाले पार करते हैं, साहब," ड्रायव्हर म्हणाला. "दोनों तरफ खेत हैं उनके।"

खरंच होतं. दिव्यांच्या झोतात अधूनमधून माणसं दिसत, डोक्यावर गवताचे भारे घेतलेली, दुभाजकावर उभी राहून अंदाज घेणारी. त्यांच्या घरातून त्यांच्या शेतात जायची वाट या रस्त्याने कापून टाकलेली. मागून पुन्हा ओरडा झाला तेव्हा सर उठून उभे राहिले. त्यांची नात त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"गप्प बसा रे," ते म्हणाले. "गाडी त्याच्या हातात आहे, रस्ता त्याला दिसतोय. मागे बसून कुणी शहाणपणा शिकवायचा नाही. भैया, आप आराम से चलो। जल्दी किसको है?"

मला सरांचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

बहुधा सोनीपतच्या आसपास त्यांचा फोन वाजला. मेसेज वाचून ते माझ्याकडे वळले. "तुझा कॅप्टन परत हळू झालाय. तीच जागा. फोन लाव आणि स्पीड वाढवायला सांग."

"सर, तुम्हीच बोला," मी म्हटलं. फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला. तिकडे नुकतंच उजाडलं असणार.

"शुभ संक्रांत, सर," कॅप्टन म्हणाले.

"समुद्र कसा आहे?"

"तळ्यासारखा शांत आहे."

"मग हळू का?"

"समोर दोन आहेत, सर. आई आणि पिल्लू. पिल्लू गेल्या वर्षीचं असावं, पण आईला सोडत नाहीये. लेकुरवाळी आहे हो. ती दोघं बाजूला होईपर्यंत मी वेग वाढवणार नाही."

"ते सक्तीचं आहे का?"

"नाही."

"मग परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"आहेत," कॅप्टन म्हणाले. "सर, तुमच्याकडे हॉर्न फार ऐकू येतायत. प्रवासात आहात का?"

"पानिपतहून येतोय. मंडळाची बस आहे."

"पोरंबाळं असतील बरोबर. सांभाळून या. ड्रायव्हरला म्हणावं, सावकाश चालव."

फोन बंद झाला. बसमध्ये पुढच्या चार रांगांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या मुलीने मोठ्याने विचारलं, "आई, लेकुरवाळी मतलब?"

"जिच्याबरोबर तिचं लहान मूल आहे ती," मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं.

मग मला राहवलं नाही. "सर, गाडी त्यांच्या हातात आहे आणि रस्ता त्यांना दिसतोय. आत्ता तुम्हीच म्हणालात. मग आपण नोएडात बसून त्यांना का शिकवतो?"

"तो विषय वेगळा आहे," सर म्हणाले.

"काय वेगळा?"

"अगं, ते मासे आहेत."

"मासे नाहीत, सर. दूध पाजतात पोरांना."

"बिल्कुल, बिल्कुल," ते म्हणाले, तोंडाला लागलेलं पोर शांत करावं तसं. "आज सण आहे. हा घे तिळगूळ आणि गोड बोल." आणि त्यांनी खरंच माझ्या हातावर एक वडी ठेवली. ती मी खाल्ली नाही. मुठीत धरून बसले, ती चिकट होईपर्यंत. इतका राग मला कुणाचा कधी आला नव्हता, कारण आजवर ज्यांचा आला ते निदान मला आवडत तरी नव्हते.

बस बऱ्याच उशिरा लक्ष्मीबाई नगरला पोचली. उतरताना सरांनी सगळ्यांना थांबवलं आणि ड्रायव्हरसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. ड्रायव्हर लाजला. मीही टाळ्या वाजवल्या, त्याने कमावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर निर्णय झालेला होता. पुढच्या बंदरात कॅप्टन उतरतील आणि दुसरा चढेल. पत्राचा मसुदा मी करायचा होता. मी म्हटलं, नाही करणार. सरांनी आरडाओरडा केला नाही. शेजारच्या मुलाकडून ते दोन मिनिटांत करून घेतलं. माझ्या अप्रेझलमध्ये ‘सहकार्याचा अभाव’ असं आलं, ते खरंच आहे.

कॅप्टन आता घरी आहेत. नवीन काम मिळालेलं नाही. या धंद्यात एका ऑफिसातली कुजबुज दुसऱ्या ऑफिसात लगेच पोचते. मी फोन केला तेव्हा ते माझीच समजूत घालायला लागले. "ती दोघं पुढे गेली, मॅडम. मी शेपट्या पाहिल्या," म्हणाले. त्यांच्या जागी आलेल्या कॅप्टनची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. सर ती नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात. त्या सरळ रेघेखाली काय आलं आणि काय नाही, हे जहाजालाही माहीत नसतं, मग आम्हाला कुठून असणार. मला मात्र आता ती रेघ पाहवत नाही.

परवा मंडळाच्या ग्रुपवर पुढच्या सहलीचं ठरत होतं. सरांनी लिहिलं, "बस बुक करताना तोच ड्रायव्हर मागा. भरवशाचा माणूस आहे, सावकाश चालवतो." खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी माझा रोजचा मेल उघडला, त्यातला प्रश्न उचलला, दोन शब्द बदलले आणि ग्रुपवर टाकला: रस्ता मोकळा असताना बस हळू का चालली?

सरांचं उत्तर लगेच आलं. "अगं, माणसं आडवी येत होती ना. विसरलीस का?"

विसरले नाहीये, सर.