ताईच्या फिट

ताईला पहिली फिट आली ती मुलुंडच्या आमच्या चाळीत, गॅलरीत कपडे वाळत घालताना. ओली साडी हातात घट्ट धरूनच ती कोसळली. डोळे फिरले, तोंडाला फेस आला. शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला. शुद्धीवर आल्यावर ताईने विचारलं, "पडले कशी गं मी?" आई तिच्या मुठीतली ओली साडी सोडवत राहिली.

पुढच्या महिन्यात परत तेच झालं आणि जमत आलेलं लग्न मोडलं. गावी काकांनी देवाला कौल लावला. राखण, म्हणजे राखणदार देवाचा दरवर्षीचा मान, द्यायची राहिली, असं निघालं. कोंबडा दिला, पण फिट काही थांबल्या नाहीत.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मेंदूचा स्कॅन तेव्हा नवीनच होता. फिल्म पाहून तिथले डॉक्टर म्हणाले, "मेंदूत जंताची गाठ आहे. डुकराच्या मांसातून येतो तो, लांब, फितीसारखा."

"मी तर मटणसुद्धा खात नाही," ताई म्हणाली.

मग त्यांनी नीट समजावलं. कच्चं राहिलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो, त्याला बहुधा काही त्रास होत नाही. पण शौचावाटे अंडी बाहेर पडतात. हात धुतले नाहीत की ती दुसऱ्याच्या अन्नात, आणि तिथून मेंदूपर्यंत. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली.

जंत निघाला बाबांच्या पोटात.

बाबा दर मे महिन्यात गावी रानडुकराच्या शिकारीला जात. वाटे होण्याआधी थोडं मांस तिथेच निखाऱ्यावर भाजून खायचे, अर्धकच्चं. गावात संडास नव्हते, सगळे रानातच जायचे आणि डुकरंही तिथेच चरायची. डॉक्टरांनी विचारलं, "गावात फिट येणारी आणखी माणसं आहेत?" बाबा बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. त्या सगळ्यांना बाहेरची बाधा झाली, असंच आम्ही म्हणत आलो होतो.

रविवारी आमच्याकडे सोलकढी बाबाच करत, नारळाचा रस हाताने पिळून. सोलकढी काही कोणी उकळत नाही. हॉस्पिटलातून परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "म्हणजे ह्यां माझ्यामुळे झालां."

बाबांचा जंत औषधाने लगेच पडला. ताईला मात्र वॉर्डात ठेवावं लागलं, डोकं फार दुखायचं तिचं. बाबा तिच्या पायाशी स्टुलावर बसून राहत. एकदा ती वैतागली, "मुद्दाम केलंत का तुम्ही? मग असं बघत बसू नका ना!"

पुढच्या मे महिन्यात ते गावी गेले, पण शिकारीला गेले नाहीत. देवळापुढे माणसं जमवून स्वतःच्या पोटातल्या जंताची गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. कोणीतरी हसलं, "मुंबैकार शाणो झालो!" पण त्यांच्या एका चुलतभावाने संडास बांधायला घेतला, आणि फिट येणाऱ्या आपल्या सुनेला बाबांबरोबर मुंबईला पाठवलं. तिच्याही स्कॅनमध्ये गाठ दिसली.

ताईच्या गोळ्या काही वर्षांनी बंद झाल्या. कांदिवलीचं स्थळ आलं तेव्हा आईने डोळ्यांनी खुणावलं, आत्ता नको. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हिला फिट यायच्या. तो जंत माझ्या पोटातला होता."

मुलाने ताईकडे वळून विचारलं, "आता बरं आहे ना?"

"झकास," ताई म्हणाली. आईला ते उत्तर अजिबात आवडलं नाही, पण लग्न ठरलं.