दिवाणजींवरची तीन पुस्तकं

भाचीला कॉलेजात दिवाणजींवर निबंध लिहून तो सभेत वाचायचा होता. दिवाणजी म्हणजे इथल्या, तमिळ मुलखातल्या मराठी दरबारातले जुने कारभारी, आणि आमच्या घरच्या समजुतीप्रमाणे आमचे पूर्वज. काय वाचू, असं तिनं विचारलं तेव्हा मी सुखावले. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. मी ऐटीत यादी केली : एक चरित्र, एक पत्रसंग्रह, एक कालव्यांचा इतिहास. तिन्ही कपाटातून काढून तिच्या हातात ठेवली.

आठवड्यानं ती पुस्तकं जशीच्या तशी परत घेऊन आली. "मावशी, हे अक्षर मला येत नाहीं."

घरात मराठी बोलणारी ही मुलगी तमिळ शाळेत शिकली, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी डोक्यात आलं नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळेच असं करतात. लग्नपत्रिका हौसेनं देवनागरीत छापतो आणि मग घरोघर फोन करून वाचून दाखवतो.

शेवटी ठरलं, रोज दुपारी मी वाचायचं आणि तिनं तमिळ लिपीत टिपून घ्यायचं. शिक्षकी सवयीनं मी ओळीखाली बोट ठेवून वाचते. चरित्र संपलं, पत्रं संपली. तिची वही निम्मी भरली.

मग कालव्यांच्या पुस्तकात ते पान आलं. दिवाणजींनी कालव्याचं पाणी आधी स्वतःच्या शेतांकडे वळवलं, खाली पापनाशमकडच्या गावांचा भात उभा वाळला, आणि अर्ज घेऊन आलेल्या लोकांना त्यांनी दारातूनच हाकललं. मी बोट उचललं आणि पुढच्या परिच्छेदावर ठेवलं. तिथे त्यांनी बांध दुरुस्त केल्याचं कौतुक होतं. आवाज जराही बदलू दिला नाही. आमच्याच पोरीनं भर सभेत आमच्याच माणसाची अब्रू काढावी, हे मला नको होतं.

तिचं पेन थांबलं. "बोटानं उडी मारली कां, मावशी?"

"तेवढं महत्त्वाचं नाही ते."

"ते मला कसं कळायचं? तुम्ही वाचतां तेवढंच मला ठाऊक."

ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. मला मनापासून लाज वाटली. धडा वाचताना ओळ गाळणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करत असे. बोट पुन्हा वर नेलं आणि ते पान पहिल्या ओळीपासून वाचलं. तिनं शब्द न् शब्द उतरवून घेतला. मग ती वहीची मागची पानं उलटत गेली, पार पहिल्या दिवसापर्यंत.

"आणखी कुठं कुठं, मावशी?"

"चरित्रात तीन ठिकाणी," मी म्हणाले आणि पुस्तक काढायला उठले.